सत्कृत्ये केली की पुरे?



“मी कुणाचे वाईट करत नाही, गोरगरिबांना देतो. मग मनपरिवर्तन कशाला?” असे आपल्यापैकी अनेकांना वाटते.

‘प्रेषितांची कृत्ये’ ह्या पुस्तकाच्या १०व्या अध्यायातील कर्नेल्य आठवा. कैसरियातील हा रोमन शताधिपती देवभीरू होता. तो पुष्कळ दानधर्म करी, नित्य प्रार्थना करी. त्याचे दान देवापर्यंत पोहोचले आहे, असे देवदूताने त्याला सांगितले. पण देवदूत तेवढ्यावर थांबला नाही. यापोहून पेत्राला बोलावून घे, अशी आज्ञाही त्याने केली. म्हणजे कर्नेल्याची सत्कृत्ये वाया गेली नाहीत; परंतु त्याला ख्रिस्ताची गरज उरलीच होती. आणि परराष्ट्रीयाच्या घरात पाऊल न टाकणाऱ्या पेत्रालाही त्या दिवशी बदलावे लागले!

ख्रिस्तसभा हेच शिकवते. तारणाची सुरुवात देवाच्या कृपेने होते व माणसाने त्या कृपेला साथ द्यायची असते, असे ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४७ साली स्पष्ट केले. सत्कृत्ये ही त्या कृपेची फळे आहेत, हे कॅथलिक व लुथरन ह्यांनी १९९९ साली एकत्रितपणे मान्य केले.

देवळात सढळपणे देणारा हात भावाच्या बांधावर सरकत असेल, तर दान खिशातून आले, अंतःकरणातून नव्हे. गरिबाला शंभर रुपये देणे सोपे असते. अबोला धरलेल्या भावाच्या दारात जाणे कठीण. देव आपल्याला त्याच दारात पाठवत आहे. येत्या रविवारच्या मिस्सेआधी आपण जाणार का?