तिचा हात

तळहात उताणा करून मांडीवर ठेवा. मोबाइल थोडा वेळ दुसऱ्या खोलीत राहू दे. डोळे मिटायची गरज नाही. कुकरची शिट्टी होईल, खाली भंगारवाला ओरडेल, होऊ दे. आपल्याला फक्त एक बोट आठवायचं आहे, तुमचं स्वतःचं, आणि त्याच्याभोवती मिटलेली एक मूठ.

बहुतेक बापांना ती मूठ आठवते. दवाखान्यातली ट्यूबलाइट, दुपट्यातून बाहेर आलेला लालसर हात, बघायलाही भीती वाटावी इतकी पातळ नखं. आपण सहज तळव्याला बोट लावतो आणि पाचही बोटं मिटतात. ‘ओळखलं हिनं मला,’ असं वाटून जातं. डॉक्टरांना विचाराल तर ते सांगतील की नवजात बाळाच्या तळव्याला काहीही टेकलं, तरी मूठ मिटते. बोट असो नाहीतर पेन. ही प्रतिक्षिप्त क्रिया पाच-सहा महिन्यांत आपोआप मावळते.

हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाईट वाटेल असं वाटलं होतं. वाटलं नाही. ज्या धरण्यावर आपण इतके भाळलो, ते तिचं नव्हतंच. तिचं स्वतःचं धरणं पुढे आलं, चौथ्या-पाचव्या महिन्यात, खुळखुळ्याकडे हात नेऊन. आणि त्याहून उशिरा आलं ते सोडणं. हातातली वस्तू ठरवून सोडायला बाळाला साधारण नववा-दहावा महिना उजाडतो. तोवर खुळखुळा नकोसा झाला तरी मूठ धड उघडत नाही, बाळ वैतागतं, रडतं. मग एके दिवशी खुर्चीवरून चमचा खाली पडतो. उचलून द्या, पुन्हा खाली. आजी म्हणते, ‘खोड्या काढतेय.’ कार्टी प्रत्यक्षात नवी विद्या गिरवत असते.

इथे जरा रेंगाळा. तो चमचा उचलायला वाकलात तेव्हाचा तुमचा चेहरा आठवा. चिडला होतात? हसत होतात? ती चमच्याकडे बघत होती की तुमच्याकडे?

आता थोडं पुढे या. तिची मधली वर्षं आपण भरभर ओलांडू, कारण ती तशीच जातात. रस्ता ओलांडताना, जत्रेत, जिन्याच्या अंधारात ती हात धरते. हे धरणं अगदी स्वखुशीचं असतं. मग शाळेचं फाटक येतं. फाटकाच्या अलीकडे, मैत्रिणी दिसायच्या आत, ती हात काढून घेते. रागानं नाही. ओढणी सारखी करावी इतक्या सहज. त्यानंतर तुमच्या हातानं काय केलं? माझा खिशात गेला आणि उगीचच किल्ल्या चाचपत राहिला.

मुलगी वयात येऊ लागली की आधी हात-पाय वाढतात, बाकीचं अंग मागून येतं. मुलींच्या बाबतीत हे बहुधा दहा-बारा वर्षांच्या सुमाराला, मुलग्यांच्या आधी. वाढत्या अंगाचा म्हणून मुद्दाम मोठा घेतलेला स्वेटर असतो, आणि त्याच्या बाह्यांतून मनगटं बाहेर आलेली दिसतात. याच दिवसांत कपबशा फुटतात, दाराच्या कडेला कोपर आपटतं, आणि घरात कुणीतरी ‘धांदरट’ म्हणतं. तिच्या मनाला अजून जुन्याच हाताचं माप ठाऊक असतं. बापाचंही तेच होतं, आणि त्याला कुणी धांदरट म्हणत नाही.

आमच्यासारख्या लिहिणाऱ्यांचं तर आणखी वेगळं. आमचं धरणं कागदावर होतं. मुलगी चार-पाच वर्षांची असताना जे बोलते ते आम्ही वहीत टिपतो. त्यातलं काही दिवाळी अंकात छापून येतं. पुढे एखाद्या समारंभात कुणी प्रेमानं विचारतं, ‘काय म्हणते तुमची ती छकुली?’ आणि ती छकुली, माझ्या कानाइतकी उंच, शेजारीच उभी असते. विचारणारा तिच्याकडे बघतही नाही. त्याला वहीतलीच पुरते.

रवींद्रनाथांची ‘काबुलीवाला’ 1892 सालची. तिच्यातला निवेदक बापही लेखकच आहे. कादंबरीचं सतरावं प्रकरण हातात घेऊन बसलेला, आणि पाच वर्षांची मिनी तिथे येऊन अखंड बडबडणारी. ती कथा पूर्वी वाचली असेल तर शेवटाकडचा तो कागद डोळ्यांपुढे आणा. तुरुंगातून सुटलेला रहमत, म्हणजे तो काबुलीवाला, अंगरख्यातून एक घडी काढतो, जपून उलगडतो. फोटो नाही, चित्र नाही. दूर डोंगरातल्या आपल्या मुलीच्या तळव्याला काजळी लावून उठवलेला ठसा. कलकत्त्याच्या रस्त्यांवर सुकामेवा विकताना तो त्यानं छातीशी बाळगलेला. त्या दिवशी मिनीचं लग्न असतं. नवरीच्या वेशातली मिनी समोर येते तेव्हा रहमतला उमगतं, की तिकडे त्याचीही मुलगी एवढीच झाली असणार. कागदावरचा हात मात्र तेवढाच राहिला.

त्या कागदाकडे सावकाश बघा. तुमच्याकडे असा कोणता कागद आहे? मोबाइलमधला तिचा जुना व्हिडिओ, बोबड्या बोलांचं रेकॉर्डिंग, कपाटातलं पहिलं झबलं? ते फेकायचं नाही. फक्त तो हात किती वर्षांपूर्वीचा आहे, हे मनात मोजा.

मला ही कथा फार प्रिय आहे, तरी एक गोष्ट खुपते. सुरुवातीला क्षणभर गप्प न बसणारी मिनी शेवटी बोलत नाही. रहमत जुनी थट्टा करतो, ती लाजून तोंड फिरवते, संपलं. पुढचं सगळं दोन बाप आपापसात वाटून घेतात. कथा लिहिली तेव्हा टागोरांची थोरली लेक माधुरीलता सहाच्या आसपास होती, आणि मिनीत तीच उतरलीय. 1901 मध्ये तिचं खरंच लग्न झालं. तेव्हा तिला पंधरावं वर्षही पूर्ण झालेलं नव्हतं. 1918 मध्ये ती गेली. बापानं तिची पाठवणी कागदावर नऊ वर्षं आधीच करून ठेवली होती. मराठीत कवी बींची ‘माझी कन्या’ घ्या. तिथेही जवळजवळ सगळं बापच बोलतो, मुलगी ऐकते.

म्हणून शेवटचं एवढंच करून बघा. आज रात्री जेवताना तिच्या हाताकडे बघा, तिला कळणार नाही असं. कोणत्या बोटाला शाई लागलीय? नखं कोण कापतं आता? अंगठ्याजवळचा तो पांढरा व्रण कशाचा? यातलं एखादं माहीत नसेल तर विचारा, आणि ती सांगेल तेव्हा मध्ये बोलू नका. ‘काही नाही’ म्हणाली तर भात वाढा.

हा मजकूर संपादकांकडे पाठवण्याआधी मी तिला वाचायला दिला. ती तेरा वर्षांची आहे आणि शुद्धलेखन माझ्यापेक्षा बरं आहे. चमच्याचा परिच्छेद तिला आवडला. ‘छकुली’ला ती ‘शी’ म्हणाली. फाटकापाशी मुळात आणखी तीन ओळी होत्या, त्यांवर तिनं आडवी रेघ मारली.

‘बाबा, हे माझं आहे. तू नको सांगूस.’

‘लेख लंगडा होईल ना गं.’

‘होऊ दे,’ म्हणाली, आणि माझी पेन्सिल घेऊन आत गेली.