तिसऱ्या घरचा चहा

मायलेकी रोज एका छताखाली चहा पितात, पण दोघी मिळून पितात असं म्हणवत नाही. आईचा चहा ओट्याशी उभ्याउभ्या होतो, लेकीचा फोनवर बोलताबोलता. लेक सासरी गेली की माहेरपणाला आल्यावर आई करते आणि ती पिते. आई तिच्याकडे गेली की उलट. दोघींपैकी एक कायम यजमानीण. म्हणून चारपाच मायलेकींना तिसऱ्याच कुणी आपल्या घरी चहाला बोलवावं, हा बेत दिसतो तितका फुटकळ मला वाटत नाही. तिथे दोघीही पाहुण्या. आपली आई परक्या बाईशी कशी बोलते, कशावर खळखळून हसते, हे बाजूला बसून ऐकायला लेकीला एरवी मिळतं कुठे?

चैत्रात याची थोडी सोय होती. शुद्ध तृतीयेला झोपाळ्यात बसलेली गौर अक्षय्य तृतीयेपर्यंत माहेरपण भोगते. देवीच माहेरवाशीण म्हटल्यावर आंब्याची डाळ, पन्हं, भिजवलेल्या हरभऱ्यांची ओटी या साऱ्याला लेकीबाळींना घेऊनच जायचं. पण एका संध्याकाळी पाचसहा घरं उरकायची, तेव्हा बोलणं उंबऱ्यापाशीच संपे. आणि कुंकवाच्या या सोहळ्यात विधवेला स्थान नव्हतं. लेक बाहेर ओटी घेणार आणि तिची विधवा आई आतल्या खोलीत बसणार, हे चित्र फार जुनं नाही.

कुणी कुठे बसायचं, हा प्रश्न तसा जुनाच. पुण्यात 1852 च्या संक्रांतीला सावित्रीबाई फुल्यांच्या महिला सेवा मंडळाने तिळगूळ समारंभ केला. अध्यक्षस्थानी कलेक्टरांच्या पत्नी, मिसेस जोन्स. कोणत्याही जातीधर्माच्या बायका आल्या तरी सगळ्यांना एकाच जाजमावर बसवलं जाईल, असं निमंत्रणातच स्पष्ट केलेलं होतं. खायला काय आहे यापेक्षा बसायचं कसं, हे आधी सांगणारं असं दुसरं निमंत्रण माझ्या तरी पाहण्यात नाही. अडतीस वर्षांनी, 1890 मध्ये, त्याच शहरात पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या चहावरून रानडे-टिळकांसारख्यांवर पुढे ग्रामण्य, म्हणजे बहिष्काराचं संकट, ओढवलं आणि प्रायश्चित्तापर्यंत मजल गेली. कुणाशेजारी बसून कुणाच्या हातचा पेला घेतला, ही इथे कधीच किरकोळ बाब नव्हती. आज आपण निर्धास्तपणे कपबशा मांडतो त्या या शहरात.

आता खुद्द चहा. दुपारच्या चहाची टूम 1840 च्या सुमारास बेडफर्डच्या डचेस ॲना यांनी काढली असं इंग्रज सांगतात. रात्रीचं जेवण फार उशिरा होई, मधल्या वेळी पोटात कावळे ओरडत. त्यांचा चहा किटलीतला. पानांवर उकळतं पाणी ओतायचं, टिकोझी घालायची, तीनचार मिनिटं थांबायचं, नि तेवढ्यात यजमानीण खुर्चीत बसलेली असते. आपला चहा आधणातला. आलं ठेचा, साखर घाला, बारीक दाण्याची सीटीसी पावडर टाका, दूध ओता, आणि उतू जाईल म्हणून डोळे लावून उभ्या राहा. एकीला अगोड, एकीला गवती चहा घालून, एकीला फक्कड. म्हणजे भांडी तीन आणि फेऱ्या त्याहून जास्त. चव आपल्याच चहाला आहे, यात मला शंका नाही. पण तो करणारी बाई बैठकीतून उठतेच, आणि तिच्यामागोमाग मदतीला म्हणून एकेक आई उठते. पाहता पाहता आया स्वयंपाकघरात, लेकी दिवाणखान्यात. बेताचं मातेरं तिथेच.

म्हणून मी तरी किटलीच्या बाजूने कौल देईन. सोबत गार चालेल असंच ठेवावं: चिवडा, काकडीची सँडविचं, ओल्या नारळाच्या वड्या. गरम भजी तळायचा मोह निग्रहाने आवरावा. आपापल्या आईजवळ लेकींना मुळीच बसवू नये. एकीची लेक दुसरीच्या आईशेजारी बसली की बोलणं आपोआप सुरू होतं. जी बाई घरी लेकीला स्वतःच्या पहिल्या नोकरीबद्दल अवाक्षर बोलत नाही, ती दुसऱ्याच्या मुलीने विचारल्यावर पगाराच्या आकड्यासकट सांगते. पलीकडच्या खुर्चीत तिची स्वतःची लेक हातातलं सँडविच तसंच धरून ऐकत असते.

अर्थात ही योजनाही पूर्ण यशस्वी होत नाही. सगळं रंगात आलेलं असताना खोलीच्या दुसऱ्या टोकाकडून कुणीतरी आई यजमानणीला सांगतेच, ‘अहो, आमच्या हिला वेलची चालत नाही हं!’ ही म्हणजे पन्नाशीची.