पांढऱ्या गोकर्णीचं काय करायचं?

गोकर्णीचा वेल मराठी घरांना नवा नाही. कुंपणावर, बाल्कनीच्या गजांवर, वाड्याच्या मागच्या भिंतीशी तो चढत जातो. शेंग तडकून बी कुठेही पडलं तरी उगवतं. सकाळी परडीत चार निळी फुलं येतात, देवापुढे जातात, दुसऱ्या दिवशी निर्माल्य होतात. आपला तिच्याशी व्यवहार एवढाच होता. गेल्या काही वर्षांत मात्र हीच फुलं वाळवून, पाकिटात भरून 'ब्लू टी' म्हणून विकली जाऊ लागली आहेत. गरम पाण्यात टाकली की पाणी निळं होतं, लिंबू पिळलं की जांभळं. आणि पाकिटावर एक वाक्य हमखास असतं : 'नैसर्गिक अँटिऑक्सिडंटने समृद्ध'.

हे वाक्य खोटं असतं तर त्यावर लिहिण्यासारखं फार काही नव्हतं. ते खरं आहे, आणि अडचण तिथेच सुरू होते.

आधी ते कितपत खरं आहे ते पाहू. गोकर्णीला निळा रंग देणाऱ्या द्रव्यांना टर्नाटिन म्हणतात. इंडोनेशियातल्या तर्नाते बेटावरून लिनियसने या वेलाच्या शास्त्रीय नावात 'टर्नाटिया' आणलं, त्यावरून हे नाव पडलं. जांभळाला आणि वांग्याच्या सालीला रंग देणाऱ्या अँथोसायनिनच्या कुळातलीच ही द्रव्यं. एखाद्या वनस्पतीत अँटिऑक्सिडंट गुण आहेत का हे पाहण्याची प्रयोगशाळेतली एक सोपी, स्वस्त पद्धत आहे. डीपीपीएच नावाच्या रसायनाचा गडद जांभळा विद्राव घ्यायचा, त्यात वनस्पतीचा अर्क घालायचा. अर्काने इलेक्ट्रॉन किंवा हायड्रोजन दिला की जांभळा रंग फिकट पिवळा होत जातो. किती अर्काने किती रंग गेला हे मोजायचं आणि क जीवनसत्त्वाशी ताडून पाहायचं. गोकर्णी या परीक्षेत उत्तीर्ण होते. पण झेंडू, जास्वंद, गुलाब, डाळिंबाची साल, चहाची पत्ती हे सगळेच होतात. वनस्पतींमध्ये फिनॉल वर्गातली द्रव्यं इतकी सर्रास असतात, की नापास होणारं रंगीत फूल शोधायलाच कष्ट पडतील.

थोडक्यात, पाकिटावरचं वाक्य काचेच्या नळीत घडलेल्या गोष्टीबद्दल आहे. वाचणारा ते स्वतःच्या शरीराबद्दल आहे असं समजतो. या दोन गोष्टींमधलं अंतर किती मोठं असू शकतं, याचा हिशेब इतिहासात नोंदलेला आहे.

1956 साली डेनहॅम हार्मन या अमेरिकन शास्त्रज्ञाने असा सिद्धान्त मांडला, की शरीरात तयार होणारी मुक्त मूलकं पेशींची झीज करतात आणि वार्धक्य हा त्याचा परिणाम असतो. कल्पना आकर्षक होती, आणि तिच्यातून निघणारा उपायही सरळ वाटत होता : मूलकं वाईट, तर त्यांना निष्प्रभ करणारी द्रव्यं चांगली. फळं-भाज्या भरपूर खाणाऱ्यांत कर्करोगाचं प्रमाण कमी दिसत होतं, तेही या चित्रात चपखल बसत होतं. मग फिनलंडमध्ये 29,133 धूम्रपान करणाऱ्या पुरुषांवर मोठी चाचणी झाली. गाजराला रंग देणारं बीटा-कॅरोटिन काहींना रोज गोळीतून दिलं, काहींना नाही. 1994 साली निष्कर्ष आले. बीटा-कॅरोटिन घेणाऱ्यांत फुप्फुसाच्या कर्करोगाचं प्रमाण 18 टक्क्यांनी जास्त निघालं. धूम्रपान करणारे आणि अॅस्बेस्टॉसशी संबंध आलेले कामगार यांच्यावरची अमेरिकेतली अशीच चाचणी जानेवारी 1996 मध्ये मुदतीआधीच थांबवावी लागली, कारण तिथेही गोळी घेणाऱ्यांत कर्करोग वाढलेला दिसत होता.

यावरून गाजर वाईट ठरत नाही, आणि गोकर्णीचा चहाही ठरत नाही. ठरतं ते इतकंच, की शरीर म्हणजे जांभळ्या विद्रावाची मोठी बाटली नव्हे. आपल्या पांढऱ्या पेशी जंतूंना मारण्यासाठी हीच दाहक मूलकं मुद्दाम तयार करतात. त्यांना आवर घालायला शरीराकडे स्वतःची विकरं असतात. बाहेरून आलेलं अँथोसायनिन आतड्यातून रक्तात जातं ते थोडंच, आणि तेही रूप बदलून. अमेरिकेच्या कृषी खात्याने खाद्यपदार्थांच्या अँटिऑक्सिडंट क्षमतेचा तक्ता प्रसिद्ध केला होता. 2012 मध्ये त्यांनी तो मागे घेतला. त्या आकड्यांचा मानवी आरोग्यावरच्या परिणामांशी संबंध लागत नाही आणि विक्रेते त्यांचा गैरवापर करतात, असं कारण त्यांनी दिलं.

आता नैतिक प्रश्नाकडे येऊ. पाकिटावरच्या या वाक्यात खोटं कोण बोललं? संशोधकाने शोधनिबंधात लिहिलं : अर्काने प्रयोगशाळेत अँटिऑक्सिडंट क्रिया दाखवली. ते खरं. बातमी लिहिणाऱ्याने 'प्रयोगशाळेत' हा शब्द गाळला. जागा कमी होती. विक्रेत्याने 'समृद्ध' हा शब्द घातला. 'कर्करोग बरा होतो' असं तो कुठेच म्हणाला नाही. ते वाक्य घरच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर कोणीतरी, अगदी मायेने, जोडलं. एकेकाला उभं करून विचारलं तर प्रत्येक जण निर्दोष सुटेल, आणि साखळीच्या टोकाला मधुमेहाचा एखादा रुग्ण गोळी सोडून निळा चहा पीत बसलेला असेल.

आपल्याकडे या प्रकाराला जुनं नाव आहे : नरो वा कुंजरो वा. अश्वत्थामा नावाचा हत्ती खरोखरच मेला होता. शब्दांची तपासणी केली तर धर्मराजाच्या विधानात चूक सापडत नाही. तरीही जमिनीपासून चार बोटं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला, असं महाभारत सांगतं. बोलताना आपले शब्द खरे आहेत की नाहीत, एवढंच पाहून भागत नाही. ऐकणारा त्यातून काय समजणार आहे हे आपल्याला ठाऊक असेल, तर त्या समजुतीची जबाबदारीही आपल्याकडे येते. द्रोणांना हत्तीमध्ये रस नव्हता, आणि पाकीट विकत घेणाऱ्याला डीपीपीएचमध्ये नसतो. हे विकणाऱ्याला माहीत असतं.

यावर एक वजनदार आक्षेप येतो. फुलझाडांकडे उपयोगाच्या नजरेने पाहिलंच नसतं तर सदाफुलीचं काय झालं असतं? कॅनडातल्या वेस्टर्न ओंटारिओ विद्यापीठात 1950च्या दशकात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बिअर यांनी सदाफुलीचा अर्क तपासला. जमैकात लोक तिच्या पानांचा चहा मधुमेहावर पीत, म्हणून तपासला. उंदरांच्या रक्तातली साखर काही उतरली नाही. पण अर्क टोचलेले उंदीर जंतुसंसर्गाने मरू लागले. त्यांच्या पांढऱ्या पेशी कमी होत होत्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे औषध निघालं, आणि त्याच झाडातून पुढे व्हिन्क्रिस्टिन. लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावरच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही वापरतात. अंगणातल्या शोभेच्या झाडाने मुलं वाचवली. मग उपयोग शोधणाऱ्यांना नावं का ठेवायची?

नावं ठेवायची नाहीतच. पण या गोष्टीत नेमकं काय घडलं ते पाहावं. त्या दोघांनी झाडाला साखरेबद्दल विचारलं. झाडाने वेगळंच उत्तर दिलं, आणि त्यांनी ते ऐकून घेतलं. 'मधुमेहावर गुणकारी' हे आधी ठरवून पुरावा गोळा करायला बसले असते, तर मेलेले उंदीर त्यांनी फेकून दिले असते. जे औषध मिळालं तेही विषच आहे. शिरेतून, मोजून, डॉक्टरांच्या देखरेखीखाली द्यावं लागतं. खरा उपयोग असा असतो : त्याला मात्रा असते, दुष्परिणाम असतात आणि 'नाही' हे उत्तर येण्याची शक्यता असते. 'अँटिऑक्सिडंटने समृद्ध' या विधानाला यातलं काहीच नसतं. ते उपयोगाचं वर्णन करत नाही, उपयुक्त असल्याचा दाखला तेवढा देतं.

हा दाखला आपल्याला हवा तरी कशाला असतो? माझ्या एका मावशीच्या इमारतीत गच्चीवरच्या कुंड्या हटवण्यावरून सोसायटीची सभा झाली होती. गळतीचा मुद्दा रास्त होता. मावशी सभेला गोकर्णी, जास्वंद आणि पारिजात यांच्या औषधी गुणांची छापील यादी घेऊन गेली. निवृत्त शिक्षिका, चाळीस वर्षं बाग केलेली बाई. त्या फुलांचा काढा तिने आयुष्यात कधी केला नव्हता. मी विचारलं, तेव्हा म्हणाली, "अगं, 'मला आवडतात' असं सभेत सांगून कोण ऐकणार?"

तिचा अंदाज बरोबर होता. 'आवडतं' हे कारण म्हणून आपल्याकडे टिकत नाही. गाणं शिकावं, कारण एकाग्रता वाढते. चालायला जावं, कारण साखर आटोक्यात राहते. वाचन करावं, कारण शब्दसंग्रह सुधारतो. मैत्री ठेवावी, कारण मित्र असलेली माणसं जास्त जगतात. यातलं एकेक कारण खरंही असेल. पण सगळी मिळून एक गोष्ट शिकवतात : कशाचंही अस्तित्व मान्य व्हायचं असेल तर त्याने फायदा दाखवला पाहिजे. ही सवय फुलांपाशी थांबत नाही. निवृत्त माणसाला विचारतात, "मग आता वेळ कसा घालवता?" आणि तो नातवंडांना शाळेतून आणणं, बँकेची कामं, सोसायटीचा हिशेब अशी यादी घाईघाईने पुढे करतो. मावशीच्या हातातल्या कागदासारखीच ही यादी असते. आपण अजून उपयोगी आहोत, आम्हाला हटवू नका, असं ती सांगत असते.

कांटने 1790 सालच्या आपल्या सौंदर्यविचारावरच्या ग्रंथात फुलांना मुक्त सौंदर्याचं उदाहरण म्हणून घेतलं आहे. फूल म्हणजे झाडाचं जननेंद्रिय हे वनस्पतिशास्त्रज्ञाला ठाऊक असतं, पण फूल सुंदर आहे असं म्हणताना तोही ते प्रयोजन हिशेबात धरत नाही, असं त्याचं म्हणणं. मला यात एक भर घालावीशी वाटते. प्रयोजन बाजूला न ठेवताही फुलाकडे निःस्वार्थपणे पाहता येतं, फक्त ते प्रयोजन फुलाचं असावं लागतं. गोकर्णीचं फूल वेलावर उलटं असतं. वाटाण्याच्या फुलात जी मोठी पाकळी वर उभी राहते ती इथे खाली पसरते आणि मधमाशीला उतरायला जागा होते. पराग वरच्या बाजूने तिच्या पाठीला लागतो. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून ठेवतात. वेलात सायक्लोटाइड नावाची प्रथिनं असतात, ती किडींना मारक ठरतात. ऑस्ट्रेलियात त्याच्या अर्काचं कीटकनाशक विकलं जातं. यातलं काहीच आपल्यासाठी घडलेलं नाही. हे जाणून घेणं म्हणजे त्या वेलाची, त्याच्या बाजूने केलेली विचारपूस असते. तिच्यात आनंद असतो, आणि बदल्यात काही मागितलेलं नसतं.

म्हणजे फूल खाऊ-पिऊ नये असं नाही. थायलंडमध्ये गोकर्णीचं निळं सरबत करतात, मलेशियात नासी केराबूचा भात निळा रंगवतात. ते खाणाऱ्याला भात निळा दिसण्यातच मजा येते. पाकिटावर कोणी 'पाणी निळंशार होतं, लिंबू पिळून गंमत पाहा' एवढंच लिहिलं तर ते विधान पूर्ण खरं असेल, आणि कोणाचीही गोळी सुटणार नाही. विक्री कदाचित कमी होईल. ती कमी व्हावी इतकंच त्या विधानाचं मोल असेल, तर तो दोष आपल्या कानांचा आहे.

आणि पांढऱ्या गोकर्णीचा प्रश्न उरतोच. तिच्या फुलात ती निळी टर्नाटिनं नसतात. पाणी रंगत नाही, लिंबाने काही बदलत नाही, 'ब्लू टी'वाल्यांना तिचा काही उपयोग नाही. निळीने आपली जागा दाखल्यावर मिळवली असेल, तर पांढरीला कुंपणावरून उतरावं लागेल. अजून तरी लोक तिचं बी जपून ठेवतात, एकमेकांना कागदाच्या पुडीत बांधून देतात, आणि देताना कोणी तिचे गुण सांगत बसत नाही. "पांढरी आहे हं," एवढंच म्हणतात.