अर्धे अंगण

रविवारी मिस्सा संपली की आपण बाकावरून पटकन उठतो. पुढच्या बाकावरच्या आजी मात्र दोन्ही हात टेकतात, जरा पुढे झुकतात, मग उठतात आणि कंबर धरून क्षणभर तशाच उभ्या राहतात. वाडीत वाकून ज्यांचा जन्म गेला, त्यांच्या कमरा आता बोलू लागल्या आहेत.

घरी आपण काय करतो? "आई, तू बस, आम्ही करतो," असे म्हणून तिच्या हातातला खराटा काढून घेतो. विहिरीवर जाऊ नको, चर्चला येऊ नको, टीव्हीवर मिस्सा बघ. यात प्रेम नाही असे नाही. पण खरे सांगायचे तर थोडी आपली सोयही आहे. तिला अंगण झाडायला अर्धा तास लागतो, आपण पाच मिनिटांत उरकतो.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली जुनाट कंबरदुखीविषयी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्या वयोवृद्धांसाठीही आहेत. त्यांत व्यायामावर भर आहे. कमरेचा पट्टा नेहमीच्या उपचारांत नको, असे म्हटले आहे. बसवून ठेवले की स्नायू दुबळे होतात. आधी वाकणे जाते, मग खुर्चीतून उठणे, मग एकटीने न्हाणीघरापर्यंत जाणे. अर्थात पडल्यावर सुरू झालेले दुखणे, पायांतले बळ जाणे, लघवीवरचा ताबा सुटणे, ताप किंवा वजन घटणे असेल तर लगेच डॉक्टर गाठावा. "वय झाले, दुखणारच" म्हणून गप्प बसू नये.

मग दुखत असताना तिला काम करू देणे हा निष्ठुरपणा नाही का? आपल्याला वाटते, काम काढून घेणे वेगळे आणि ते जमेल असे करून देणे वेगळे. खराट्याला लांब दांडा लावता येतो, ओट्याजवळ खुर्ची ठेवता येते, न्हाणीघरात धरायला कडी बसवता येते. आणि तिलाच बसावेसे वाटले, तर "व्यायाम कर" म्हणून तिच्यामागे लागण्याचाही आपल्याला अधिकार नाही. कंबर तिची आहे.

गुडघे टेकता येत नाहीत म्हणून काही वडीलधारी माणसे मिस्सेत ओशाळून इकडेतिकडे पाहतात. प्रकृती साथ देत नसेल तर ख्रिस्तसभेने तशी मुभा दिलेली आहे. धर्मगुरू गुडघा टेकवतात तेव्हा त्यांनी खोल वाकून वंदन करावे, एवढेच सांगितले आहे. (दुखऱ्या कमरेला तेही सोपे नाही!)

आमच्यापैकी एकीने गेल्या आठवड्यात सासूबाईंना खराटा परत दिला. त्यांचे निम्मे अंगण झाडून झाले. उरलेले सुनेने झाडायला घेतले, तर त्या म्हणाल्या, "राहू दे, उद्या मी झाडीन."