आधी कट्ट्यावरून खाली उतरा

बसा. चहा नंतर सांगतो. आधी ऐकून घ्या, आणि मध्ये बोलू नका. परवा जत्रेच्या मैदानात पुरेसं बोललात.

पोरगं अकरा वर्षांचं. समोरचा त्याच्यापेक्षा वीतभर उंच, वजनाला सात-आठ किलोनं जड. जोड लावताना पंचांनी तुम्हाला विचारलं होतं. ‘लावा हो, आमचा वाघ हाय!’ हे तुमचं उत्तर. वाघ आत एकटाच होता, आणि बाहेरून तुमचा आरडाओरडा, ‘ढाक मार, ढाक मार!’ अहो, त्या डावात समोरच्याला बगलेत धरून कमरेवरून फेकायचं असतं. एवढ्या जड पोराला पेलायला याची कंबर कुठं आहे? मान तरी तयार आहे का? हा डाव मी त्याला अजून शिकवलेलाच नाही. त्यानं तुमच्याकडे बघितलं आणि तेवढ्यात त्याची पाठ लागली. ती कुस्ती तुम्ही हरलात, पण घरी जाईपर्यंत मोटारसायकलवर मागं बसून बोलणी त्यानं खाल्ली.

आणि आता मलाच विचारता, ‘वस्ताद, पोरगं तालमीला यायला नको म्हणतंय, काय करावं?’

हरल्यामुळं पोरं तालीम सोडत नाहीत. माझ्या हौद्यात रोज एकमेकांच्या पाठी लावतात, माती झटकतात, हसतात, पुन्हा सलामी देतात. त्यांना जड जाते ती रात्री ताटावर होणारी उलटतपासणी. ‘का पडलास? तो अमक्याचा पोरगा बघ.’ घास घशाखाली उतरत नाही, आणि मग एक दिवस पोट दुखायला लागतं, बरोबर पहाटे पाचला.

सातव्या वर्षी आणलंत, त्याबद्दल तक्रार नाही. पण महिना झाला नाही तोच ‘डाव कधी शिकवणार’ म्हणून माझ्यापुढं उभे! लहान पोरानं पहिलं वर्षभर कोलांट्या घ्याव्यात, दोरावर चढावं, हौदा उकरताना एकमेकांवर माती उडवावी, झेपतील तेवढेच जोर मारावेत आणि मुख्य म्हणजे पडायला शिकावं. पडायची भीती गेली की पोरगं आपणहून पट काढायला शिरतं. तुम्हाला या टिवल्याबावल्या वाटल्या. वाढदिवसाला चौकात डिजिटल लावलात, ‘भावी महाराष्ट्र केसरी’. दुधाचे दात पडले नाहीत आणि खांद्यावर गदा! शाळेतली पोरं त्याला त्याच नावानं चिडवतात, हे ठाऊक आहे का तुम्हाला? मला त्यानं सांगितलं. तुम्हाला सांगायची सोय नाही.

आता वजनाचं. जिल्ह्याच्या स्पर्धेआधी दोन दिवस त्याची भाकरी बंद, पाणी घोटभर, आणि अंगावर रेनकोट चढवून भर उन्हात पळवलंत. तोंड कोरडं पडलेलं पोरगं माझ्यासमोर आणून वर विचारता, ‘वस्ताद, बसलं ना गटात?’ २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट शंभर ग्रॅमनं अपात्र ठरली. जाणती पैलवान, दिमतीला डॉक्टर, रात्रभर खटपट, तरी काटा हलला नाही. तुमच्या पोराची हाडं अजून वाढतायत आणि तुमच्या हातात एक रेनकोट. गोळेश्वरचे खाशाबा जाधव १९४८ साली लंडनला ५२ किलोत लढले, सहावे आले. माती अंगवळणी पडलेली, मॅट नवी. चार वर्षांनी हेलसिंकीला ५७ किलोत उतरले, म्हणजे वरच्या गटात, आणि स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक घेऊन आले. पोराचं वजन वाढलं तर वाढू द्या. वरच्या गटात हरेल, हरू द्या. दूध, अंडी, डाळ, भाकरी पोटभर घाला. जिमवाल्यानं दिलेला तो पावडरचा डबा मात्र माझ्या तालमीच्या उंबऱ्याआत दिसता कामा नये.

लंगोट रोज धुतलेला पाहिजे. मानेवर नायटा उठला होता, तो तुम्ही पावडर लावून झाकलात, स्पर्धा चुकू नये म्हणून. चार पोरांना लागण झाली. त्यांच्या आयांना मी काय तोंड दाखवू?

आणखी एक. धाकट्या भावाची बाटली धरून कट्ट्यावर बसते ती तुमची पोरगी. तो आत शिरण्याआधी ती बाहेर त्याच्यासारख्याच कोलांट्या घेते. मी बघतो, तुम्ही फोनवर असता. सांगलीत २०२३ साली पहिली महिला महाराष्ट्र केसरी झाली, आणि तुम्ही हिच्या हातात बाटली दिलीत.

दहावीची भीती आत्ताच घालू नका. बापाची हौस असते तोवर तालीम, आणि शिकवणी लागली की लंगोट खुंटीला. चांगली चालणारी किती पोरं अशी दहावीच्या वर्षात गेली. वर्षभर सगळं बंद केलेलं पोरगं सहसा परत येत नाही. आठवड्यातून दोन पहाटा राखल्या तर अभ्यास बुडत नाही.

तर असं करायचं. सोमवारपासून दोघांनाही पाठवा, सोडायला त्यांचे आजोबा येतील. दिवाळीपर्यंत तुम्ही कट्ट्यावर दिसायचं नाही आणि मैदानाचं नावही काढायचं नाही. रात्री जेवताना विचारायचंच असेल तर आज कुणाशी लढलास एवढंच विचारा. कोण जिंकलं ते विचारू नका.

अरे, चहा सांगा रे यांना.