दोन बोटांची ढिलाई

आमच्याकडे वडिलांच्या वेळची एक प्रीमियर पद्मिनी आहे. कुर्ल्याच्या कारखान्यात ह्या गाड्या निघणे बंद झाल्याला वीस वर्षे उलटून गेली. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनीची टॅक्सीही गेली. आमची मात्र कोल्हापुरात अजून दर रविवारी मंडईला जाऊन येते. शाळामास्तराने जुनी मोटार बाळगावी काय, हा प्रश्न घरात अनेकदा उपस्थित झालेला आहे. त्याचा निकाल आज लावायचा नाही. आज मनात आहे तो प्रश्न निराळाच आहे.

ह्या गाडीच्या स्टिअरिंगला दोन बोटे 'प्ले' होता. म्हणजे ते दोन बोटे फिरवावे, तेव्हा कुठे पुढची चाके हलू लागत. हे काही एका दिवसात झाले नव्हते. चाके वळवणाऱ्या दांड्यांच्या टोकांना गोळीचे सांधे असतात. मिस्त्री लोक त्यांना 'एंड' म्हणतात. वरचे रबर फाटते, ग्रीस जाते, धूळपाणी शिरते आणि गोळी आपल्या खोबणीत केसाकेसाने झिजत राहते. तितक्याच केसाकेसाने माझा हातही शिकत गेला. वळणाआधीच स्टिअरिंग फिरवायचे, सरळ रस्त्यावर ते किंचित उजवीकडे दाबून धरायचे, हे मी नकळत करीत होतो. माझ्या मते गाडी उत्तम होती.

गणपतीत भाचा आला. "मामा, गाडी नेऊ? ठीक आहे ना?"

"अगदी ठीक आहे. खुशाल ने."

पंचगंगेकडे उतरताना समोरून सायकलवर एक मुलगी आली. त्याने स्टिअरिंग वळवले, गाडी वळेना. घाबरून त्याने आणखी फिरवले, तशी ती एकदम वळली आणि दगडी कठड्यावर गेली. दिवा फुटला. मुलगी दचकून पडली, गुडघा खरचटला, उठून उभी राहिली. भाचा परत आला तो पांढराफटक. "माझंच चुकलं, मामा," तो म्हणाला. आणि मी, लिहायला लाज वाटते, ते ऐकून घेतले.

मी खोटे बोललो होतो काय? मला वाटत होते तेच मी सांगितले. खोटे बोलायला आधी खरे ठाऊक असावे लागते. पण ठाऊक नव्हते म्हणावे, तर माझ्या हाताला ते रोज ठाऊक होते. हाताने मला कळवले नाही, की मी त्याला कधी विचारले नाही?

दुसऱ्या दिवशी उद्यमनगरात मिस्त्रींकडे गेलो. पेटीचा स्क्रू आवळून भागेल काय, असे मी भीतभीतच विचारले. खर्च कमी!

"भागंल की. पर गाडी जास्त सरळच चालती न्हवं? मग पेटी मधल्या जागीच जास्त झिजती. मधला ढिलेपणा काढाया आवळलं, तर वळणावर स्टिअरिंग जाम हुईल. रोग सांध्यात हाय, मास्तर."

त्यांनी मला आत बसवून स्टिअरिंग डावे-उजवे हलवायला लावले आणि स्वतः खाली आडवे होऊन एकेका सांध्यावर हात ठेवला. हालचाल कुठे हरवते, ते त्या हाताला कळते. इतकी वर्षे मी एकटाच वर बसत होतो. खाली कोण होते?

जुने एंड काढताना त्यांनी फेरे मोजले आणि नवे तितक्याच फेऱ्यांनी बसवले. नट आवळला, तर खाच नि भोक जुळेना, पिन जाईना. "जरा सैल करा," मी म्हणालो.

"पुढं आवळायचं, मास्तर. मागं न्हाई यायचं." जुनी पिन त्यांनी फेकून दिली, नवी घातली. मग चाकांची रेघ जुळवून घेतली.

घरी येताना गाडी सारखी रस्त्याच्या मध्याकडे जाऊ लागली. दोष उरलाच नव्हता. माझा हात मात्र अजून उजवीकडे दाबत होता.

रात्री भाच्याला फोन केला. म्हटले, "गाडी ठीक नव्हती रे. चूक तुझी नव्हे."

तो थोडा वेळ गप्प राहिला. "मग त्या दिवशी का नाही म्हणालात, मामा?"

मी त्याला नव्या एंडांची किंमत सांगू लागलो.