पाण्यापर्यंत पोहोचणार कोण?



प्रायश्चित्तकाळात आपण मिस्सेमध्ये बेथेस्दाच्या तळ्याची घटना ऐकतो (योहान ५:१-१६). जेरुसलेममध्ये मेंढरे दरवाजाजवळ पाच ओवऱ्यांचे हे तळे होते. पाणी हलले की जो सर्वांत आधी आत उतरेल तो बरा होतो, अशी लोकांची समजूत होती. ३८ वर्षे आजारी असलेला एक माणूस तिथे पडून होता. आपल्याला पाण्यात सोडणारे कोणी नाही, आपण पोहोचेपर्यंत दुसराच उतरतो, असे त्याने प्रभू येशूला सांगितले.

या तळ्याचा नियम पाहा. तो सर्वांना सारखाच होता. कोणाला मज्जाव नव्हता. तरीही ज्याचे दुखणे हलके त्याचा नंबर आधी लागे आणि ज्याची गरज सर्वांत मोठी तो ओवरीतच राही. यात कोणी मुद्दाम दुष्टपणा केला होता असे नाही. ज्याला चालता येते तोच डोळ्यांसमोर ठेवून सारी व्यवस्था लागली होती, एवढेच.

अशी तळी आजही आपल्या अवतीभोवती आहेत. आपल्या खिशातील नोटाच घ्या. २०१६ पासून आलेल्या नव्या मालिकेत १०० रुपयांची नोट १४२ मिलिमीटर लांब आहे, २०० ची १४६ आणि ५०० ची १५०. रुंदी तिन्हींची ६६ मिलिमीटर. म्हणजे शेजारच्या दोन नोटांत फरक केवळ ४ मिलिमीटरचा. जुन्या मालिकेत १०० आणि ५०० च्या नोटांमध्ये तो १० मिलिमीटर होता. बोटांनी मापून नोट ओळखणाऱ्या अंध बांधवाला हा फरक फार मोठा आहे. कडेला उठावाच्या रेषा आहेत खऱ्या, पण नोट वापरून मऊ झाली की त्या बोटाला लागत नाहीत. रिझर्व्ह बँकेने २०२० मध्ये नोट ओळखून तिची किंमत बोलून सांगणारे मोबाइल अ‍ॅप काढले. चांगली सोय झाली. पण मासळी बाजारातल्या गर्दीत मोबाइल काढून धरायचा कसा? आणि मिस्सेत दानथैली पुढे आली की मोबाइलने मोठ्याने सांगायचे का, किती टाकले ते? उजव्या हाताचे दान डाव्याला कळू नये ही प्रभूची शिकवण. ती पाळण्याचा हक्क अंध भाविकालाही आहे.

दुसरे उदाहरण उताराचे. व्हीलचेअरसाठी एक फूट उंचीला बारा फूट लांबीचा उतार लागतो. सहा-सहा इंचांच्या तीन पायऱ्या असतील तर अठरा फूट. पुष्कळ ठिकाणी चार-पाच फुटांत तो उरकलेला दिसतो. त्यावरून खुर्ची ढकलणाऱ्याला धाप लागते आणि बसलेल्याच्या पोटात गोळा येतो. उतार बांधल्याचे समाधान मात्र सर्वांना मिळते.

हे सारे आपल्या धर्मग्रामालाही लागू आहे. पहिल्या शुक्रवारी आजाऱ्यांना कम्युनियन देण्यासाठी घरोघरी जाताना एक गोष्ट जाणवते. त्या यादीतील सर्वच जण अंथरुणाला खिळलेले नसतात. काही जण अंगणात बसलेले असतात, भाजी निवडत असतात. त्यांना धरायला कठडा मिळाला, गुडघे न टेकता पापनिवेदन करता आले, शौचालय जवळ असले, तर ते रविवारी आपल्या शेजारी बाकावर बसतील. आपण त्यांना आजारी म्हणतो. प्रत्यक्षात त्यांना अडवले आहे ते पायऱ्यांनी.

"सर्वांना एकच नियम, मग अन्याय कसला?" असे कोणी विचारील. अ‍ॅरिस्टॉटल या तत्त्ववेत्त्याने याचे सुंदर उत्तर दिले आहे. नियम सर्वसाधारण असतो, म्हणून एखाद्या माणसाच्या बाबतीत तो तोकडा पडतो आणि तिथे त्याला दुरुस्त करावे लागते, असे तो म्हणतो. यासाठी तो लेस्बॉस बेटावरील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दाखला देतो. लोखंडी पट्टी ताठ राहते. शिशाची पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणे वाकते आणि तरीही माप बरोबर देते.

प्रभू येशूचे माप असेच आहे. बेथेस्दाला तो त्या माणसाला पुढच्या वेळेची वाट पाहायला सांगत नाही. तो स्वतः त्याच्यापाशी जातो आणि आधी विचारतो, तुला बरे व्हायचे आहे का? आंधळ्या बार्तिमयालाही तो विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? (मार्क १०:४६-५२). बार्तिमय आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते. तरीही प्रभूने त्याची गरज त्याच्याच तोंडून ऐकली. आपण मात्र खर्च करतो, बांधतो, उद्घाटन करतो आणि ज्याच्यासाठी केले त्याला विचारायचे राहून जाते.

म्हणून या आठवड्यात प्रत्येक कुटुंबाने एक काम करावे. आपल्या आळीत जी व्यक्ती हल्ली मिस्सेला दिसत नाही, तिच्या घरी जावे. "का येत नाही?" असे विचारू नये, त्यात दोष ठेवल्यासारखे होते. "यायला काय अडते?" असे विचारावे. गीतपुस्तकाचा बारीक टाइप, मागे ऐकू न येणारा माइक, उंच पायरी, जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहून धर्मग्राम परिषदेच्या सदस्यांकडे द्यावे. दुरुस्तीचा खर्च ठरवताना ती यादी समोर असू द्या, आणि काम सुरू होण्यापूर्वी त्याच व्यक्तींना बोलावून जागा दाखवा.

पाण्याजवळ पडून राहिलेल्या त्या माणसापर्यंत स्वतः चालत गेलेला प्रभू आपल्या पावलांनाही तीच वाट दाखवो.

प्रभूच्या सेवेत,
तुमचा प्रमुख धर्मगुरू